दुसरी होडी

वेणूबाईने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि ती जोडी दोरीवर टाकली. पाठीमागे नवरा येऊन उभा राहिलाय हे चपलांच्या आवाजावरूनच तिला कळलं होतं, पण तिने वळून पाहिलं नाही. टोपली अजून अर्धी भरलेली होती.

"सही कर गो," काळूराम कागद पुढे करत म्हणाला. "अख्ख्या कोळीवाड्याच्या झाल्या. तुझीच ऱ्हायलीय."

कागदावर मच्छीमार सोसायटीचा शिक्का होता. दहशतवाद्यांविरुद्ध लष्कराने सुरू केलेली लढाई अर्ध्यावर सोडू नये, तडीस न्यावी. त्यापायी होड्या जितके दिवस बांधून ठेवाव्या लागतील तितके दिवस आम्ही ठेवू, असं त्यात सरकारला कळवलं होतं. मजकूर शाळेच्या मास्तरांनी शुद्ध करून दिला असला तरी त्यामागची धग काळूरामची. आठवड्यापूर्वी खोल पाण्यात जायला मनाई झाली, तेव्हा ऐन हंगामात पोटावर पाय आला म्हणून कुरकुरणारे कमी नव्हते. त्यांच्यापुढे हा तांडेल, स्वतःच एका होडीचा प्रमुख, उभा राहिला होता.

"मुंबईवर आले तवा मच्छीमाराचीच होडी पळवून आले. तिच्या तांडेलाला मारून आले. तवापासनं धक्क्यावर मला ताठ मानेनं चालवत न्हाय. आता लष्कर त्यांच्या मुळाशी गेलंय, तर आपण चार दिवस डाळभात खाऊ."

त्यावर कुरकुर थांबली. काळूराम मनापासून बोलत होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा थोरला चिराग फौजेत, सीमेवर. आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा फोन यायचा, "बरा हाय" म्हणून. अशा बापाला उलट बोलायची कोणाची छाती होणार? वाड्यात ती एकट्या वेणूबाईची होती.

"मी केलीय सही," ती म्हणाली.

"कुठं? सकाळपासनं कागद माझ्या हातात हाय."

"ह्या कागदावर न्हाय."

काळूरामने पुढे केलेला कागद मागे घेतला. घरात आणखी एक कागद होता आणि गेले चार दिवस तो त्याला शिवलासुद्धा नव्हता. धाकटी प्राची नौदलाच्या भरतीत पास झाली होती. अठरा पुरी व्हायला तिला दोन महिने कमी पडत होते, म्हणून आईबापाचं संमतिपत्र हवं होतं, तेही उद्या सकाळपर्यंत. ते टीव्हीखाली ठेवलेलं. काळूराम तासन्‌तास टीव्हीवर सीमेच्या बातम्या बघायचा, पण नजर चार बोटं खाली उतरू द्यायचा नाही. सगळ्या वाड्याला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार होता, आणि हे त्यालाही कळत होतं.

पोरीला त्याने नाही म्हटलं नव्हतं. फक्त नियम सांगितला होता. एका घरातली दोन माणसं एका होडीवर घालायची नाहीत, हा त्यांच्या घराण्यात आज्यापासून चालत आलेला नियम.

"देश म्हंजे एकच होडी," त्याने आताही तेच काढलं. "दोघं एकदम चढवायची न्हाईत."

वेणूबाई वळली. ओले हात तिने तसेच कमरेवर ठेवले.

"तुमच्या भावाची होडी उलटली, तवा किनाऱ्यावरनं कोण गेला?"

"मी."

"कोणी धाडला?"

"बापसानं."

"त्याला दोन पोरं. एक पाण्यात. मंग दुसरा कसा धाडला त्यानं? नियम ठाऊक नव्हता त्याला?"

काळूरामला ती सकाळ आठवली. वारा पिसाळला होता. बापूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दुसरी होडी ढकलत होता. "जा," एवढंच बोलला होता. भाऊ धर्माजी दोन तासांनी सापडला, रिकाम्या कॅनला मिठी मारलेला. सोसायटीच्या कागदावर पहिली सही त्याचीच होती.

"दोघं एका होडीवर नकोत, ते मागनं जायला कोणतरी पायजे म्हणून," वेणूबाई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मला काय भ्या वाटत न्हाय? लई वाटतं. पण भावानं लढावं नि तू घरात बस, असं पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

तो आत गेला. प्राची जमिनीवर बसून कोलंबी सोलत होती. बापाने टीव्हीखालचा कागद ओढला तसे तिचे हात थांबले.

आईच्या नावापुढे वेणूबाईची सही होती. प्राची तिसरीत असताना तिच्याच पाटीवर गिरवून शिकलेली, एकेक अक्षर सुटं सुटं. खाली तारीख चार दिवसांपूर्वीची. कागद घरात आला त्याच दिवसाची. या चार दिवसांत बायकोने त्याला जेवायला वाढलं होतं, त्याच्या भाषणाची टिंगल केली होती, पण सहीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काळूरामला एकदम तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाज. खिशातलं पेन काढून त्याने तिच्या सहीशेजारी सही केली.

वेणूबाई दारात येऊन उभी होती.

"आणा आता तुमचा कागद."

"हात धू आधी. बोंबलाचा वास लागेल त्याला."

"लागू दे. कुठनं आलाय ते सरकारला कळेल तरी."

तिने भिंतीला टेकवून सही केली. काळूरामने संमतिपत्र प्राचीपुढे धरलं. तिने ते धरलं, पण त्याने आपलं टोक सोडलं नाही.

"एक सांग गो मला."

"काय, बाबा?"

"तुला पवायला नीट येतं ना?"

चार वर्षांची असताना त्यानेच तिला धक्क्यावरून खाडीत सोडलं होतं. तेव्हापासून खाडी पार करण्यात वाड्यातल्या एकाही पोराने तिला हरवलं नव्हतं. वेणूबाईने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. प्राची मात्र हसली नाही. ती बापाने अजून न सोडलेल्या कागदाच्या टोकाकडे बघत होती.

"थोडं थोडं येतं, बाबा," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा परत शिकवा."