पोचा आलेला बिल्ला

भिकू हवालदार लढाईवरून परतला आणि त्यानंतर त्याची छाती काही आत गेली नाही. कुणाचं लग्न असो की बारसं, हा आपला सरकारी बिल्ले लावून हजर. त्यातल्या एकाला पोचा होता. ब्रह्मदेशात म्हणे गोळी आली, बिल्ल्यावर आदळली आणि भिकू वाचला. आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्या परक्या माणसांनाही त्याने त्या पोच्यात बोट घालायला लावलं होतं. गोदूबाई त्याचं तोंड दिसलं की वाट बदलायची.

तिचा नवरा त्याच लढाईत गेला. आता शाळेपुढे दगड बसायचा होता, लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा. भिकूचं नाव सगळ्यात वर. आणि हाच मेला गावकीत म्हणाला, गोदूच्या नवऱ्याचं नाव घालू नका. मरताना त्याच्या अंगावर एकही बिल्ला नव्हता. खरा शिपाई बिल्ले लावून लढतो, बिल्ले काढतो तो पळणारा. गावकीने माना डोलावल्या. डोकी होती की नारळ, देव जाणे! गोदूबाईची पोरगी रंगू लग्नाला आली होती. पळपुट्याची पोर कोण करून घेणार होतं?

गावकीच्या बैठकीत बायका कडेला बसत, बोलत नसत. त्या दिवशी गोदूबाई पदर सारखा करून पुढे आली. पुढारी विठोबांनी तिला खाली बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

"भिकूभावजी, गोळी लागली तवा ह्योच बिल्ला लावलेला व्हता?"

"व्हय. हितं, काळजावर."

तिने कनवटीची डबी काढून उघडली. आत तसाच बिल्ला, कोरा करकरीत.

"ह्यांचा बिल्ला टपालानं आला, लढाई संपल्यावर. तुमचाबी त्याच दिवशी, त्याच पिशवीतनं आला. तुमच्याच ओटीवर सखूनं आन मी डब्या उघडल्या. मग गोळी कुठं लागली? टपालाच्या पिशवीत?"

माणसं हसली. भिकू म्हणाला, बाईमाणसाला लढाईतलं काय कळतंय. त्यावर मागून त्याची बायको सखुबाई बोलली, मान खाली घालूनच. पोच्याची खरी गोष्ट गोदूबाईला ठाऊक होती, पण सखूचा संसार नासायला नको म्हणून ती इतकी वर्षं गिळून बसली होती. आता ती सखूनेच सांगितली.

"चांदीचा वाटला मला. जोडवी करायला मुरुडच्या सोनाराकडं न्हेला. त्यानं हातोडी हाणली आन म्हनला, चांदी न्हाय."

आता मात्र लोक पोट धरून हसले. भिकूने घाईघाईने बिल्ले उपटून खिशात कोंबले आणि तो पडवीच्या कडेने निघाला.

"बघून घ्या," गोदूबाई म्हणाली, "बिल्ले काढून कोन पळतो त्ये."

हसणं थांबलं. माना डोलावलेली माणसं जमिनीकडे बघू लागली. विठोबांनी दगड कोरायला आलेल्या पाथरवटाला खूण केली. तो परगावचा, त्याने सगळ्यात वर काय नाव कोरायचं ते विचारलं. बायको काही नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून विठोबाच सांगायला लागले. गोदूबाईने त्यांना हाताने थांबवलं. त्यांच्या तोंडून तिला ते नाव नको होतं. लग्न झाल्यापासून तिने ते उच्चारलं नव्हतं.

"काळूराम," ती म्हणाली.