गोल खांबावरचा लांब कुत्रा

लेबेरेश्टने काढलेला कुत्रा असातसा नव्हता. जाहिरातींच्या गोल खांबाला पुरता वेढा घालील असा लांबलचक डॅशहंड, चार मोठ्या कागदांवर छापलेला. सॉसेजवाल्या झ्विर्नमानांना तो पसंत पडला, तर वर्षभराची पोस्टरं लेबेरेश्टची. नाहीतर सोमवारपासून सासऱ्याच्या कारखान्यात, भिंतीला लावायच्या कागदांवर गुलाब काढत बसायचं.

सकाळी शेवटचा कागद चिकटला आणि बाळाला कडेवर घेऊन त्याच्या बायकोने, ओटिलीने खांबाला एक फेरी मारली.

"अरे, हा स्वतःचंच ढुंगण हुंगतोय."

"काहीतरीच तुझं. दोरी गुंडाळून मोजलाय मी खांब."

"कुठला?"

"बर्लिनचा," तो म्हणाला. इथले, हाल्ल गावचे खांब बर्लिनच्या मानाने अगदीच शेलाटे.

"पोट काढून टाक."

"पोटातच तर सगळी कला आहे, ओटिली."

"मग काढ गुलाब."

खळ अजून ओली होती. पोटाचा एक कागद सोलून काढला, डोकं मागे सरकवून जोडलं, तर नाक आणि शेपटी यांच्यामध्ये हातभर जागा मोकळी राहिली. लेबेरेश्टने तिथे झटक्यात एक सॉसेज रंगवलं, तपकिरी, तुकतुकीत, आणि मोठ्या ऐटीत मागे सरला.

ओटिली मात्र शेपटीच्या बाजूला उभी होती. तिथून सॉसेज नाकापुढे दिसतच नव्हतं. कुत्र्याने ते आत्ताच मोकळं होऊन मागे टाकलंय, असं दिसत होतं. ती सांगायला तोंड उघडते तोच झ्विर्नमान आले. देवाची कृपा, डोक्याच्या बाजूने आले.

"बिचारा कसा जीव टाकतोय बघा माझ्या सॉसेजवर," ते खुशीत म्हणाले. "पलीकडे काय काढलंय?"

"नुसती शेपटी, मालक," म्हणत ओटिलीने बाळ त्यांच्या हातात दिलं. "जरा धरता का? माझे हात खळीने बरबटलेत."

बाळाने दोन्ही मुठींनी त्यांची मिशी पकडली. झ्विर्नमान पलीकडे बघायला उजवीकडे निघाले की बाळ मिशी डावीकडे ओढी, आणि वर खुदकन हसे.

"सोड रे लबाडा," ते विरघळून म्हणाले, आणि मान वाकडी ठेवूनच लेबेरेश्टकडे वळले. "वर्षभराचं काम तुमचं. गावातल्या एकूण एक खांबावर हाच कुत्रा लावा."

लेबेरेश्टने टोपी उडवली. ओटिली मनातल्या मनात गावातले खांब आठवत होती. एवढी बाळं आणायची कुठून?