हातबोलीत नसलेला शब्द

चौक पांढरा झाला होता. इतका पांढरा की बंदोबस्ताच्या शिपायांनी डोळ्यांवर आडवे हात धरले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळी तुकडी कुणाला तरी सलाम ठोकायला गेली आणि तशीच थिजून राहिली.

इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बाया चादरी घेऊन आल्या होत्या. इस्पितळाच्या नव्हेत, त्यांना हात लावला असता तर चोरीचाच आळ आला असता. आपापल्या घरच्या आणल्या होत्या, धुऊन, निळीतून काढून, कडक इस्त्री केलेल्या. सकाळी येऊन त्यांनी त्या चौकात अंथरल्या आणि दाटीवाटीने वर बसल्या. घोषणा नाहीत, टाळ्या नाहीत, फलकसुद्धा नाही. वारा आला की चादरींच्या मोकळ्या कडा उचलायच्या आणि हळूच खाली बसायच्या. चौकच झोपेत श्वास घेतोय असं वाटायचं.

पोलिसांच्या गाडीपाशी माईक घेऊन उभा होता तो शिपाई, त्याला चौकीत सगळे भोंगा म्हणत. जमावाला सूचना द्यायचं काम त्याचं. आवाज असा की कर्ण्यातून आला तरी कानाला टोचायचा नाही. त्याचा जोडीदार जाड्या नेहमी म्हणायचा, "तू 'चालते व्हा' म्हणालास तरी 'या, बसा' म्हटल्यासारखं वाटतं रे. उद्या मला बायकोने घराबाहेर काढलं, तर निरोप तुझ्याच तोंडून यावा."

आज भोंग्याला हसू येत नव्हतं. पहिल्याच रांगेत, निळ्या काठाच्या चादरीवर, त्याची मावशी बसली होती.

आई गेली तेव्हा भोंगा दुपट्यात होता. मावशीने त्याला उचललं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली, त्याला घेऊनच. घडी केलेल्या चादरींच्या टोपलीत तो वाढला. धुलाईघरातली पिळायची यंत्रं अशी घरघरतात की शेजारी उभ्या माणसाचा आवाज पोचत नाही. म्हणून तिथल्या बायांनी फार पूर्वीच हातांनी बोलायला सुरुवात केली होती. त्याला त्या हातबोली म्हणत. तळहात खाली दाबला की थांब. कानाशी चिमूट धरली की मुकादम आला, तोंड आवर. दोन्ही हात छातीपासून लांब नेले की चादर पसरा. भोंग्याने पहिला शब्द काढला तो तोंडाने नाही, बोटांनी. मावशी अजून सांगते, "मेल्याने पहिल्यांदा 'मुकादम आला' म्हटलं. तेव्हाच वाटलं, हा पोलिसात जाणार."

त्या काळी धुलाईघराची दारं उघडी असायची. आता नव्या व्यवस्थापनाने बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली होती. मोजणीला चादरी कमी भरतात म्हणे. मग एक दिवस वाफेची नळी फुटली. बायांनी दारावर मुठी आपटल्या, पण त्या घरघरीत बाहेर कुणाला ऐकू जाणार? कुलूप उघडेपर्यंत सगळ्यांत नव्या पोरीचा, जिला सगळ्या धाकटी म्हणत, हात कोपरापर्यंत भाजून निघाला. ती धाकटी आज मावशीच्या मांडीला मांडी लावून बसली होती, हाताला पांढरी पट्टी. चादरींच्या त्या पांढऱ्यात पट्टी मिसळून गेली होती. हात कुठे संपतो नि चौक कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

मागणी एकच. काम चालू असताना दार उघडं ठेवा.

दुपार कलायला लागली तेव्हा साहेबांच्या खिशातला फोन वाजला. साहेब म्हणजे बंदोबस्ताचे प्रमुख, नियमाने चालणारे गृहस्थ. शिंक आली तरी बाजूला होऊन शिंकायचे. फोन ठेवून ते भोंग्यापाशी आले.

"परवानगी रद्द झाली. चौक मोकळा करायचाय. सूचना दे."

"साहेब, संध्याकाळपर्यंतची होती ना?"

"होती. आता नाही. तू सूचना दे, मग ऐकतात की नाही बघू. नाही ऐकलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शिपायांच्या हातातल्या लाठ्यांकडे नुसतं पाहिलं.

भोंग्याने माईक तोंडाशी धरला. नोकरी म्हणजे नोकरी. "हा जमाव बेकायदेशीर ठरवण्यात आला आहे. सर्वांनी ताबडतोब पांगावं." आवाज चौकावरून तरंगत गेला, समोरच्या इस्पितळाच्या कचेरीच्या काचांना लागला आणि मऊ होऊन परत आला.

कुणी हललं नाही. हट्टाने नव्हे. आयुष्य त्या घरघरीत गेलेल्या बायांचे कान, कुणाचे अर्धे, कुणाचे पुरते, कधीच बसले होते. त्यांना फक्त एवढं दिसलं की आपला टोपलीतला पोरगा तोंड हलवतोय. मावशीने भुवई उंचावली, बोटं उघडून गोल फिरवली. काय म्हणतोस?

आणि इथे भोंग्याची चूक झाली. ती दुसऱ्या कुणाची झालीच नसती. मावशीने हाताने विचारलं की हाताने उत्तर द्यायचं, ही त्याची जन्मापासूनची खोड. उजव्या हातात माईक होता, डावा मोकळा. तोंडाने "पांगा" म्हणता म्हणता डावा हात आपणहून उठला. पण हातबोलीत पांगा नाहीच. धुलाईघरात कोण कुणाला पांगा म्हणणार? हाताने आपला जवळचा शब्द शोधला. छातीपासून लांब, सपाट, बाहेरच्या बाजूला.

पसरा.

मावशीने मान हलवली आणि मागे वळून तोच हात केला. तिच्या मागचीने केला. हात रांगेरांगेने मागे सरकत गेले, पाण्यावर वाऱ्याची झुळूक सरकावी तसे. मग सगळ्या बाया उठल्या, चादरींची टोकं धरली, झटकल्या आणि पसरायला लागल्या. क्षणभर सगळ्या चादरी हवेत होत्या. शिपायांच्या माना वर झाल्या. चौकाला शिडं फुटली आहेत, आता तो जागचा सुटून कुठेतरी निघणार, असं वाटलं. मग चादरी एकेक करून खाली आल्या, ऐसपैस, या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत. एकेक चादर, एकेक बाई. मध्ये चालायला पायवाटा.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पांगल्या की साहेब," जाड्या म्हणाला. "घरी नाही गेल्या, पण पांगल्या."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जाड्याने पुढचं हसू गिळून टाकलं. साहेबांनी तुकडीला पुढे व्हायला सांगितलं. तुकडी पुढे झाली आणि पहिल्या चादरीशी थांबली. धुतलेल्या चादरीवर बूट ठेवायला कुणाचा पाय होईना. प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या आईचा आवाज असणार. शेवटी ते मधल्या पायवाटांनी चालू लागले, एकामागून एक, कोपर अंगाशी घेऊन, खाली बघत. पांढऱ्या उजेडात ते पोलीस वाटतच नव्हते. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून चवड्यांवर चालणाऱ्या घरच्या माणसांसारखे वाटत होते. एका म्हातारीने आपल्या चादरीचा कोपरा दुमडून एका धिप्पाड शिपायाला वाट करून दिली. तो चक्क "आभारी आहे" म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांना परत बोलावलं. मग भोंग्याकडे वळले.

"तू हात केलास. मी पाहिलं."

"चुकून झालं साहेब."

"त्यांना तुझं ऐकू येत नाही, पण हात कळतात."

"हो."

"म्हणजे माझी सूचना त्यांना अजून पोचलेलीच नाही." साहेब स्वतःशी बोलावं तसं बोलले. "आणि सूचना पोचल्याशिवाय मला लाठी उचलता येत नाही. बरं. मग हातानेच सांग. पांगा म्हण."

"तसा शब्द नाही साहेब त्यांच्यात."

"मग घरी जा म्हण. तो तरी असेल?"

तशा अर्थाचा एक हात होता. पाळी संपली की मुकादम नव्हे, सगळ्यांत जुनी बाई तो हात करायची. दोन्ही तळवे एकमेकांवर पुसायचे, एकदा असे, एकदा तसे, आणि मोकळे सोडायचे. लहानपणी टोपलीत पेंगताना तो हात दिसला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. त्याने आत्ता तो केला तर सगळ्या उठतील, चादरींच्या घड्या घालतील आणि जातील. कुणाच्या अंगाला ओरखडासुद्धा येणार नाही. मावशी सुखरूप घरी पोचेल. त्याने माईक गाडीच्या पाटावर ठेवला. दोन्ही हात समोर आणले.

मावशी बघत होती. धाकटी बघत होती. चौकभर सगळे चेहरे त्याच्या हातांकडे वळले, आणि वारासुद्धा पडला.

हात तसेच राहिले. मग त्याने ते खाली सोडले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, त्यांच्यात 'घरी जा' असा वेगळा हात नाही. 'काम झालं' असा आहे. काम झालं म्हणजे घरी जा."

"मग? तोच कर."

"झालंय का साहेब काम?"

साहेबांची नजर पहिल्या रांगेतल्या पट्टीकडे गेली.

"मी हा हात केला तर त्यांना वाटेल कुलूप निघालं. त्या आनंदाने जातील. उद्या सकाळी कामावर येतील, आत शिरतील आणि बाहेरून कडी लागेल. मग त्यांना कळेल."

"तुझी कोण आहे यांच्यात?"

"ती, निळ्या काठाची. मावशी आहे."

"मग तिच्यासाठी तरी कर की रे! तिच्या डोक्यात लाठी बसली म्हणजे?"

"तिच्यासाठीच होत नाहीये," भोंगा म्हणाला. त्याचा तो प्रसिद्ध आवाज कुठच्या कुठे गेला होता. "माईकवरून मी आजवर काय काय म्हणालोय, साहेब. तुम्ही द्याल ते म्हणालोय. तो आवाज चौकीचा. हे हात तिने शिकवलेत. यांनी मी खोटं कधी बोललो नाही. बोलायला गेलो तर ती ओळखेल, असंही नाही. ती विश्वासच ठेवेल. तेच तर."

जाड्या आता गंमत करत नव्हता. तो बुटांच्या टोकांकडे बघत होता.

साहेबांनी टोपी नीट केली आणि ते चादरींच्या मधल्या पायवाटेने कचेरीकडे निघाले. त्यांची सावली चादरीमागून चादर ओलांडत गेली. बाया त्या सावलीला जागा द्यावी तशा थोड्या थोड्या सरकत होत्या. कचेरीच्या काचेच्या दाराने त्यांना आत घेतलं आणि काचेत पुन्हा चौकच दिसायला लागला, पांढरा, उलटा.

आत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. ऊन चौकातून सरकत पहिल्या रांगेच्या पायांशी आलं. मावशीने भोंग्याला हाताने विचारलं, तो कुठे गेला? भोंग्याने सांगितलं, विचारायला. काय विचारायला? काम झालं का ते. मावशीने खांदे उडवले. हे विचारायला आत कशाला जायला हवं, मला विचारायचं होतं.

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण चाल सावकाश होती.

"विचारलं मी," ते म्हणाले. "चादरींची मोजणी जुळत नाही तोवर कुलूप निघणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, आत माणसं असतात. तर म्हणाले, तुम्ही चौक बघा." त्यांनी घसा साफ केला. "सांग त्यांना. काम झालेलं नाही."

"आणि पांगा?"

"त्याला शब्द नाही म्हणालास ना?"

"नाही साहेब."

"मग सूचना पोचली नाही. पोचवायची कशी ते वरच्यांनी मला कळवावं. मी तसंच सांगणार आहे." आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले, शिंक आल्यासारखे.

भोंग्याने तळवे एकमेकांवर पुसले, एकदा असे, एकदा तसे, पण मोकळे सोडले नाहीत. मुठी मिटून छातीशी धरल्या. काम झालेलं नाही.

मावशीने डोळे बारीक केले आणि झपाझप हात चालवले.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

भोंग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणते, हे काय हात करणं झालं? मागच्यांना दिसलं का काही? पोटापाशी कुजबुजतोस काय, मेल्या."

"मग वर चढ," साहेब म्हणाले.

जाड्याने दोन्ही हातांची पायरी करून दिली. भोंगा गाडीच्या टपावर चढला. वरून चौक फार मोठा दिसत होता, कडाच नसल्यासारखा, आणि त्यात एकेका चादरीवर एकेक बाई, वर तोंड करून. त्याने हात जमतील तेवढे उंच केले आणि सावकाश, शेवटच्या रांगेतल्या बाईलाही वाचता येईल असं सांगितलं. काम झालेलं नाही. चौकभर मुठी मिटल्या आणि छातीशी आल्या. एकीने पाय लांब केले, दुसरीने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सगळ्या पुन्हा नीट बसल्या.