मुंबईचं तिकीट

तलासरीच्या अलीकडे चेकनाक्यावर बस थांबली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ट्रकांची रांग लांबवर गेली होती. बसमधली माणसं पाय मोकळे करायला खाली उतरली. एकनाथ मात्र जागचा हलला नाही. त्याच्या खांद्यावर देवूचं डोकं होतं आणि देवूला नुकताच डोळा लागला होता.

देवू त्याचा मेहुणा, बायको नलूचा धाकटा भाऊ. सातपाटीतल्या होडीवर वाढलेला मुलगा. चार वर्षांपूर्वी एकनाथबरोबरच आखातात गेला. एकनाथला जहाजदुरुस्तीच्या यार्डात भटारखान्यात काम मिळालं आणि देवूला वाळूच्या फवाऱ्यावर. जहाजाच्या पत्र्यावर जोरात वाळू मारायची आणि गंज उडवायचा. संध्याकाळी तो बाहेर यायचा तेव्हा पापण्यांपासून पायापर्यंत पांढरा असायचा, आणि हसून म्हणायचा, "दाजी, बगा, मीठ लावून ठेवलाय मला." चौथ्या वर्षी खोकला सुरू झाला. मग जिना चढताना दम लागायला लागला. मग जेवता जेवतासुद्धा. यार्डाच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, फोटो आपल्याकडेच ठेवला आणि याला घरी पाठवा म्हणाला. एकनाथने रजा मागितली आणि तोही बरोबर निघाला.

तिकीट कंपनीने काढलं. सगळ्यात स्वस्त विमान कुठलं, ते शोधून काढलं. तिकिटावर मुंबई लिहिलेलं होतं. विमानात बसल्यावर कळलं की ते उतरणार अहमदाबादला, आणि तिथून पुढे विमानवाल्यांचीच बस मुंबईला, सहारच्या विमानतळापर्यंत नेऊन सोडणार. कोणी तरी भांडायला उठलं. हवाईसुंदरी म्हणाली, तिकिटाच्या मागे सगळं छापलेलं आहे. देवू तेवढ्यातही हसला. "चला दाजी, इमानाच्या पैशात यष्टीचा पण प्रवास."

उजाडायच्या आधीच बस अहमदाबादहून निघाली होती. जुनी गाडी, खिडक्यांच्या काचा निसटलेल्या, धूळ सरळ आत. धूळ आली की देवूला खोकल्याची उबळ यायची, आणि उबळ आली की आजूबाजूची माणसं तोंडं फिरवायची. एकनाथने पंचा ओला करून त्याच्या नाकातोंडावर धरला. बडोद्याला चहाला थांबले तेव्हा त्याने धावत जाऊन टेलिफोनच्या बूथवरून सातपाटीला मच्छीमार सोसायटीत फोन लावला. सोसायटीचा कारकून पुंडलिक लाइनवर आला.

"अरे एकनाथ, तुजी सासू काशीबाई तर रातीच गेली सहारला! जीप केली. तुजी नलू हाय संगती, आळीतली गोजराबाई हाय. पोराला घेऊनच येते म्हणाली. तुमी कुठं हाव?"

"बडोद्याला."

"बडोद्याला कशाला गेलाव?"

एकनाथला ते तारेवरून समजावून सांगता येईना. एवढंच म्हणाला, "सहारला कोणाला फोन लागला तर सांग, आमी बसनं येतो. सासूबाईंना म्हणावं, हलू नका तिथून."

पुंडलिक बरं म्हणाला, पण सहारला फोन कोणाला लावायचा हे त्याला ठाऊक नव्हतं आणि एकनाथलाही.

देवूला हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. "आय सहारला हाय? मंग झालं तर. शेवटच्या ठेसनापर्यंत जायचं, बस." पुढे सुरत गेलं. वलसाडजवळ त्याचे ओठ निळे दिसायला लागले. बसबरोबर विमानवाल्यांचा एक माणूस होता, बन्सी नावाचा. उत्तरेकडचा, पंचविशीचा, सारखा पॅसेंजर मोजत फिरणारा. तो जवळ येऊन वाकला.

"भाई साहब, इनको यहीं अस्पताल में उतार दो. वलसाड में बड़ा अस्पताल है."

एकनाथने देवूकडे पाहिलं. देवूने मान हलवली. "गुजरातेत नको दाजी. इथं आपलं कोण हाय? आयेपर्यंत चला."

आणि एकनाथने ऐकलं. आजाऱ्याचं ऐकू नये हे त्याला कळत होतं. पण चार वर्षं परमुलखात काढून आलेल्या माणसाला आणखी एका परक्या गावात खाटेवर टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

नाक्यावरचे कागद झाले. बस सुटली. पाट्यांवर मराठी अक्षरं दिसायला लागली तसा एकनाथ सावरून बसला. दोन्ही बाजूला कापणीला आलेलं गवत, मधूनच कुडाची घरं, डोक्यावर मोळ्या घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेल्या बाया. देवूचा श्वास घरघरत होता, पण चालू होता. चारोटी मागे पडली. आता पुढे चिल्हार फाटा येणार, तिथून बोईसरला रस्ता फुटतो. एकनाथच्या डोक्यात विचार घोळायला लागला. सहार अजून लांब आहे, ठाण्याला गाड्यांची गर्दी लागली तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा चिल्हारला उतरावं, मिळेल त्या वाहनाने बोईसर गाठावं. तिथे कारखान्यांमुळे डॉक्टर झालेत, ऑक्सिजनची नळकांडी असतात. देवूच्या नाकाला नळी लावली की नलूला आणि सासूबाईंना निरोप कसा तरी पोचवता येईल. हा बेत पक्का करत तो खिडकीबाहेर पाटी शोधत राहिला. चुकायला नको, ड्रायव्हरला आधी सांगायला हवं.

पाटी दिसली. तो वळला. "देवू, चिल्हारला उतरू या. बोईसरला डॉक्टर गाठू, आं?"

देवूने उत्तर दिलं नाही. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. पंचा तोंडावरून घसरून मांडीवर पडला होता. एकनाथने त्याच्या नाकापुढे बोटं धरली. मग हात छातीवर ठेवला. बस हादरत होती, त्यामुळे आत काही हलतंय की नाही ते कळेना. त्याने पुन्हा धरून पाहिलं. मग हळूच त्याने देवूचे डोळे मिटले, पंचा परत तोंडावर घेतला आणि त्याचं डोकं पहिल्यासारखं आपल्या खांद्यावर टेकवलं.

चिल्हार फाटा निघून गेला.

ओरडावं असं त्याला वाटलंच नाही. पहिला विचार आला तो पोलिसांचा. बसमध्ये माणूस मेला म्हटलं की गाडी बाजूला घेणार, पंचनामा करणार, देवूला कुठल्या तरी शवागारात नेऊन टाकणार, त्याच्या छातीवर सुरी चालणार. आणि असंच गप्प बसून सहारपर्यंत नेलं तर? काचेच्या दारापुढे सासूबाई उभी असेल, हार घेऊन, आणि तिच्यापुढे याला बसमधून असा उतरवायचा? त्या अनोळखी गर्दीत तिने मोठ्याने रडायचं तरी कुठं?

मनोर जवळ आलं तसा तो एका हाताने देवूला धरून अर्धवट उठला. "ड्रायव्हरसाब, मनोर रोको! हमको उतरनेका है!"

बन्सी पुढून आला. "आपका तो सहार तक है."

"घर इधरच है. इधरच उतरते."

बन्सीने देवूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सो रहा है?"

"हां. सो रहा है."

बन्सीने मागे वळून बाकीच्या माणसांवर नजर टाकली. कोणाचं लक्ष नव्हतं, निम्मे झोपले होते. त्याने देवूचे पाय उचलले. एकनाथने काखेतून हात घातले. जड आजाऱ्याला उतरवतात तसं दोघांनी त्याला खाली आणलं आणि नाक्यावरच्या एका बंद टपरीच्या सावलीत भिंतीला टेकवून बसवलं. बन्सीने बॅगा आणून ठेवल्या. "मैंने कुछ नहीं देखा," तो म्हणाला, आणि पायरीवर पाऊल ठेवून आत चढला. बस गेली.

मनोरहून पालघरला जायला वाहन मिळायला फार वेळ लागला नाही, पण एकनाथला तो वेळ सरता सरेना. येणारी-जाणारी माणसं बघत होती. एक म्हातारी येऊन म्हणाली, "दारू जास्त झाली वाटतं पोराला." एकनाथ होय म्हणाला. शेवटी गवताचे भारे टाकून परत निघालेला एक रिकामा टेम्पो थांबला. चालवणारा महादू, मासवणचा.

"आजारी हाय," एकनाथ म्हणाला. "सातपाटीला न्यायचंय."

"घाला मागं. मी हात लावतो."

टेम्पोत गवताच्या काड्या पसरलेल्या होत्या. एकनाथ देवूचं डोकं मांडीवर घेऊन बसला. सूर्या नदीचा पूल आला, गेला. वाऱ्याने देवूचे केस उडत होते आणि एकनाथ ते पुन्हा पुन्हा सारखे करत होता. पालघरात रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. महादू खाली उतरून मागे आला.

"दादा, इथं दवाखाना हाय. पयलं तिथं दाखवू का?"

"नको. घरीच."

महादूने फळीवरून आत डोकावून पाहिलं. त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे गेला. टोपी काढून त्याने हातात धरली आणि गाडी धडधडत निघून जाईपर्यंत तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी पुढं येऊन बसा वाटलं तर." एकनाथ म्हणाला, "हितंच बरा हाय." फाटक उघडलं. शिरगाव येईपर्यंत महादूने टेम्पो इतका हळू चालवला की मागचे सायकलवाले पुढे निघून गेले.

काशीबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या येसूबाईकडे किल्ली होती. ती हसतच बाहेर आली, "आलाव का रं, आणि काशीबाय कुठं?" आणि टेम्पोजवळ येऊन तिने तोंडावर पदर दाबला. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया किनाऱ्यावरून धावत आल्या. देवूला ओटीवर निजवलं. सोसायटीतून पुंडलिक आला. त्याने सकाळपासून फोन लावायचा खटाटोप केला होता, पण सहारचा नंबरच कोणाकडे नव्हता. कोणी म्हणालं, जीप काढून सहारला जाऊ या. कोणी म्हणालं, वाटेत चुकामूक झाली तर? बसून वाट बघण्यावाचून दुसरं काही उरलं नाही.

दिवेलागण होऊन गेल्यावर जीप आली.

काशीबाई ती थांबायच्या आधीच उतरली. साठीची बाई, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन अवघा जन्म गेलेला, पाय अजून खणखणीत. अंगणात माणसं बघून तिचा चेहरा उजळला. "आले ना? त्या बसवाल्या पोरानं सांगितलंय मला! म्हणाला, मनोरला उतरले दोगं. मी इचारलं, तब्येत कशी हाय त्याची, तर म्हणाला, झोपला होता." हातातला हार तिने नलूकडे दिला आणि पदर सारखा केला. "झोपलाय का अजून? उठवू नका, मीच उठवते."

नलूने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती आईच्या मागे धावली. पण काशीबाई ओटीवर पोचली होती.

त्या रडण्याचं काय सांगावं. आळीतल्या कुत्र्यांनीसुद्धा आवाज काढला नाही. बऱ्याच वेळाने आवाज बसून गेल्यावर काशीबाईने देवूच्या कपाळावरचा हात न काढता मान वळवली.

"एकनाथ, कुठं गेला हा?"

"चारोटीच्या पुढं."

"काय बोलला का?"

"आयेपर्यंत चला म्हणाला. वलसाडला."

"तवा नाय. जाताना. जाताना काय बोलला?"

देवू जाताना काय म्हणाला, काही म्हणाला की नुसतीच मान टाकली, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी तो खिडकीबाहेर पाटी शोधत होता. आपल्याच खांद्यावर माणूस गेला आणि आपल्याला कळलं नाही, हे त्या बाईला कसं सांगायचं?

"झोपेतच गेला," तो म्हणाला.

काशीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग ती पुन्हा देवूकडे वळली आणि त्याच्या केसांत अडकलेल्या गवताच्या काड्या एकेक करून वेचायला लागली. कोणी तरी म्हणालं, "काशीबाय, ऱ्हाऊ दे आता," पण तिने ऐकलं नाही.