मागून येणारी सुरी

"माझे बाबा जनावराला सुरी दाखवत नाहीत," हे वाक्य मी यंदा शाळेत इतक्यांदा म्हटलं, की माझी मैत्रीण ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणायची. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा घाबरायचे. आता मला कुणी गप्प बसवून दाखवावं! खाटकाची पोर म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलींना मी ठणकावून सांगायचे, की आमच्या कफ्र नह्ला गावच्या कत्तलखान्यात माझे बाबा, उस्ताद अब्दुलबदीअ, आधी जनावराला पाणी पाजतात, सुरीला त्याच्यासमोर धार लावत नाहीत, ती बाहीत लपवून आणतात, आणि एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरं कापत नाहीत. हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं. मी स्वतः मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. मुलींना तिथे मज्जावच.

मग डॉक्टर इन्साफबाई आल्या. गुरांच्या डॉक्टर, पायात गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात विजेचं यंत्र. भल्यामोठ्या चिमट्यासारखं. ते जनावराच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी लावायचं, की ते जागच्या जागी बेशुद्ध. मग सुरी.

"मेलेलं जनावर मी कापणार नाही," बाबांनी तिथेच सांगून टाकलं. "हराम आहे ते."

"मरत नाही, उस्ताद. न कापता सोडलं तर उठून उभं राहतं. गुरुवारी दाखवते. नाही पटलं तर यंत्र परत नेते."

रात्री जेवताना मी म्हटलं, "एक बाई आत जाऊ शकते, तर दुसरी का नाही?"

बाबा हसले. "शाळा?"

"आईची परवानगी आहे." (नव्हती.)

"चला तर मग, वकीलसाहेब."

गुरुवारी कत्तलखान्याच्या दारातच हंदावीकाका भेटले. जनावराचा दोर धरायचं काम त्यांचं, आणि बोलण्याचं कामही त्यांचंच. "या या, मंत्रीणबाई! चपला काढू नका हं, गालिचे धुवायला गेलेत."

पहिला बैल काळा होता. बाबांनी बादली पुढे केली. तो प्यायला. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटले. छोटी सुरी बाहीत होती, तिचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना कोपरानं ढोसलं. "बघितलंत?"

बाई बैलाच्या मागच्या पायांकडे बघत होत्या. 

बाबांनी भिंतीवरचं एक लांब पातं काढलं, बैलाच्या मागे गेले, वाकले, आणि गवत कापावं तसे दोनदा हात चालवले. मागच्या दोन्ही पायांच्या धोंडशिरांवर, टाचेवरच्या त्या जाड शिरांवर.

बैल मागच्या मागे बसला. उठायला गेला. परत उठायला गेला. पाय होते, पण त्यांच्यात उभं राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या तोंडून जो आवाज आला, तसा आवाज गुरं काढतात हे मला माहीतच नव्हतं. हंदावीकाकांनी दोर ओढला, तो कुशीवर पडला, बाबांनी त्याचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवलं, अल्लाचं नाव घेतलं आणि गळ्यावर सुरी फिरवली. एकदाच. अगदी नियमाप्रमाणे.

मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही. हंदावीकाका म्हणाले, "पोरी, बैलाला नाही घाबरलो इतका तुला घाबरलो."

"बाबा, पाय का कापले त्याचे?"

बाबांना खरंच नवल वाटलं. "अगं, मग पाडणार कसा? सहाशे किलोचं धूड आहे. ह्या हंदावीच्या तीन फासळ्या मोडल्यात एकानं."

"चार," हंदावीकाका म्हणाले.

"पण सुरी... तुम्ही तर म्हणता, सुरी दाखवायची नाही!"

"मग? मी मागून येतो ना! त्याला कुठे दिसते?"

असं म्हणाले. आणि वर थोडेसे हसलेसुद्धा, चांगलं काम केलेला माणूस हसतो तसे. ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं.  मी भिंतीला टेकले.

दुसरा बैल तांबडा. त्याला बाईंनी यंत्राबरोबर आणलेल्या लोखंडी पिंजऱ्यात घेतलं. बाईंनी चिमटा लावला आणि तो धप्पकन खाली. पाय ताठ झाले, मग झटके देऊ लागले.

"मेला!" हंदावीकाका ओरडले. "घाला आता कुत्र्यांना!"

बाबांनी गजांतून हात घालून त्याच्या छातीवर ठेवला. "धडधडतंय," ते हळूच म्हणाले.

आम्ही थांबलो. मिनिटभर झालं असेल. बैलानं पापणी मिटली, उघडली. डोकं उचललं. पुढचे पाय, मग मागचे, आणि उभाच राहिला की! जोरात फुरफुरला, तसे हंदावीकाका उडी मारून टाकीवर. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मीही नाही. बैल बादलीत तोंड घालून पाणी पीत होता.

"दुखलं असेल त्याला?" बाबांनी विचारलं.

"कळायच्या आत शुद्ध जाते, उस्ताद."

"मग करा परत."

बैल पडला. पिंजऱ्याची बाजू उघडली. बाबांनी नाव घेतलं, सुरी फिरवली. आवाज नाही. साधं हुंकारणंही नाही. पलीकडचा नळ ठिबकताना ऐकू येत होता.

सगळं झाल्यावर बाबा बैलाच्या मागच्या पायांपाशी उकिडवे बसले. धोंडशिरेवरून अंगठा फिरवला. शीर अखंड होती.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

  बाबांचा चेहरा असा झालेला मी कधीच पाहिला नव्हता.

तिसरा बैल पिंजऱ्यात शिरला आणि पंखा थांबला. वीज गेली. आमच्याकडे ती जाते ती दोन तासांची निश्चिंती. बाहेर दुकानदारांनी फाटक बडवायला सुरुवात केली. "उस्ताद, मांस कधी देणार? गिऱ्हाइकं चालली परत!"

हंदावीकाकांच्या मनात काही वाईट नव्हतं. रोजची सवय. त्यांनी भिंतीवरचं पातं काढलं आणि मूठ पुढे केली. "घ्या, उस्ताद. उरकून टाकू."

बाबांनी हात पुढे केला. आणि घेतलं! मला वाटलं, आता मी ह्यांना बाबा म्हणू शकणार नाही. ते बैलाच्या मागे गेले. बैल शेपटीनं माशा हाकलत होता. बाबा वाकले. तसेच राहिले. 

"हंदावी, फाटकाला आतून कडी घाल."

"काय? ते लोक मलाच सोलतील!"

"सोलू देत. वीज येईपर्यंत थांबायचं."

"आणि संध्याकाळपर्यंत नाही आली तर?"

"तर संध्याकाळपर्यंत."

बाबांनी पातं टाकीखाली सरकवून दिलं. बादली उपडी केली आणि बैलाच्या समोर, त्याला नीट दिसेल अशा जागी बसले.

"ये शाहिंदा, बस."

मी गेले. पण दोन हात अंतर ठेवून बसले. बाबांनी ते अंतर पाहिलं, मान खाली घातली. बाहेर फाटक बडवणं चालूच होतं. बैल आमच्या दोघांकडे बघत रवंथ करत होता.