पाठ नसलेला कोट

मित्रांनो, वर्धा जिल्ह्याचा खरा इतिहास कोणी लिहायला बसलाच, तर त्याला पहिलं पान मला द्यावं लागेल. सरपंच, पाटील, सोसायटीचे चेअरमन, नवरदेव आणि स्वर्गवासी, असे सगळे थोर पुरुष माझ्या आत उभे राहूनच थोर झाले. समुद्रपूर तालुक्यात मी ज्या भिंतीवर टांगलेला नाही, अशी भिंत दाखवून द्या. रुबाब म्हणजे काय, हे या मुलखाला मी शिकवलं.

मी एक जुना काळा कोट आहे. मला पाठ नाही.

माझी पाठ झिजली नाही की उसवली नाही. ती कापून काढली. जन्मतः मला चांगली भरदार पाठ होती. वर्ध्याच्या एका वकिलांसाठी मोतीलाल टेलरने मला शिवलं, आणि तिसरं बटण कमी पडलं म्हणून कुठल्याशा बँडवाल्याच्या कोटाचं पितळी बटण लावून दिलं. ते फार चमकायचं. वकीलसाहेब एकाहत्तर साली वारले. तेरवी आटोपताच त्यांच्या मुलांनी मला प्रभाकरराव फोटोग्राफरांना देऊन टाकलं आणि बदल्यात वडिलांचा फोटो मोठा करून घेतला. बाप भिंतीवर गेला आणि मी पिशवीत गेलो.

प्रभाकररावांकडे स्टुडिओ नव्हता. कॅमेरा होता, तीन पायांचं स्टँड होतं, डोक्यावर घ्यायचं काळं फडकं होतं आणि मागे टांगायला एक चादर होती. एवढं घेऊन ते रोज सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर येत आणि जी गाडी लागलेली असेल तिच्यात चढत. पण गिऱ्हाईक कधी काडीसारखं येई, कधी पोत्यासारखं. एकाच मापाचा कोट सगळ्यांना कसा बसावा? त्यांनी मला घरच्या पाटावर पालथं घातलं आणि कात्रीने माझी पाठ काढून घेतली. कडांना तीन नाड्या शिवल्या. त्या पाठीची त्यांनी छत्रीला गवसणी केली, ती पुढे बरीच वर्षं टिकली. मला तिचा हेवा वाटायचा.

तेव्हापासून मी समोरून वकील होतो आणि मागून लाळेरं.

काम सोपं होतं. गिऱ्हाइकाने लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे करायचे. प्रभाकरराव मला समोरून चढवत, मागे नाड्या आवळत आणि चादरीपुढे उभं करत. फोटो बेंबीपर्यंतच निघे, त्यामुळे खाली धोतर असो की चड्डी, कोटाची अब्रू शाबूत राही. माणसाच्या अब्रूबद्दल मात्र ते फारसे हळवे नव्हते.

"काका, दात झाका. कोट बिघडून राह्यला," असं ते चारचौघांत म्हणत. सेवाग्रामला दवाखान्यासमोर बसले की आत जाणाऱ्या पेशंटला हाक मारत, "आत्ताच काढून घ्या बाप्पा. बाहेर येता येता चेहरा राहते, नाई राहते!" त्यांचा धंदा तिथे बरा चाले.

गाडीत मात्र ते मला स्वतः घालत. मागे काळं फडकं पदरासारखं सोडलं की माझं उणं कोणाला दिसत नसे. समुद्रपूरच्या गाडीवर किसनराव नावाचे कंडक्टर होते. त्यांनी मला एकदा समोरून पाहिलं आणि हे विभागीय कार्यालयातले साहेब असावेत असं ठरवून टाकलं. ड्रायव्हरमागची सीट प्रभाकररावांसाठी रिकामी होऊ लागली. तिकीट विचारणं बंद झालं. आपण साहेब आहोत असं प्रभाकरराव कधी म्हणाले नाहीत. नाही आहोत, असंही कधी म्हणाले नाहीत. गाडीतल्या लोकांना सगळं ठाऊक होतं. पण बोलणार कोण? प्रत्येकाच्या घरच्या भिंतीवर तो स्वतः माझ्यातच उभा होता.

आता तानबाचं सांगतो. माझ्या आयुष्यात शेकडो माणसं आली, पण मी आत्ता जो काय आहे तो तानबामुळे.

तानबा समुद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका फाट्यालगत थोडं वावर कसणारा, म्हातारी आई असलेला, कमी बोलणारा पोरगा. सत्त्याहत्तर साली लग्नासाठी फोटो पाहिजे म्हणून तो बाजाराच्या दिवशी समुद्रपूरच्या स्टँडसमोरच्या निंबाखाली आला. प्रभाकररावांनी माझ्या नाड्या आवळल्या आणि चारचौघांत म्हणाले, "तानबा, कोट तं मी देतो. अंदरचा माणूस कोठून आणू?" लोक हसले. तानबाही हसला, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. फोटो छान आला.

तो फोटो शेजारच्या गावच्या रूपरावांकडे गेला. त्यांना कोकिळा नावाची मुलगी होती, आणि तिच्यासाठी आधीच दोन फोटो येऊन पडले होते. तिन्ही मुलं माझ्यातच होती. तिघांच्याही छातीवर तिसरं बटण पितळेचं. रूपरावांनी तिन्ही फोटो दिव्यापाशी धरून पाहिले आणि बायकोला म्हणाले, "वर्ध्याले आजकाल तिसरं बटन पितळीचं लावाची फ्याशन निंघाली वाट्टे. पण कोट बसला तं या तानबाले."

बसणारच. त्याच्या नाड्या जास्त आवळल्या होत्या.

सोयरीक ठरली. रूपरावांची एकच अट होती. नवरदेवाने मांडवात तोच कोट घालून यायचं. गावभर त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं, कारण त्या गावात आजवर कोटवाला जावई आला नव्हता.

तानबा गाडी धरून वर्ध्याला आला आणि स्टँडवरच प्रभाकररावांचे पाय धरले. "एक दिवस द्या साहेब. माहं लगन मोडते, नाई तं." प्रभाकररावांनी त्याला बराच वेळ पायाशी ठेवलं. मग म्हणाले, "देतो. पण कोट माह्यासंगं येईन अन् माह्यासंगं जाईन. शेवटच्या गाडीनं. अन् कोनाकडे पाठ करू नको बे, तिथं कोटच नाई."

मित्रांनो, त्या दिवशी तानबाचं जे कौतुक झालं, तसं कौतुक पाठ असलेल्या माणसाचं मी कधी ऐकलं नाही. पाठीवर उपरणं होतं, तरी तो धसका घेऊन वागत होता. मोठ्यांच्या पाया पडला की उलट्या पावलांनी मागे सरके. बसला तर मांडवाच्या खांबाला टेकून बसे. घोड्यावरून उतरला तोही तोंड लोकांकडे ठेवून, म्हणून घोड्याने त्याला लाथ मारली, तरी तो वळला नाही. कोकिळेची आत्या आनंदाबाई सगळ्या बायांना सांगत सुटली, "काय संस्कार हायेत वो बाई! मोठ्या मानसाकडे पाठ नाई करत!" रूपरावांची छाती इतकी फुगली की त्यांनाच माझी गरज होती.

गोरज मुहूर्त होता. पण कोकिळेचे मामा रुसून बसले होते. त्यांना मानाचा फेटा मिळाला होता, फक्त तो हिरवा होता आणि त्यांना गुलाबी पाहिजे होता. त्यांची समजूत पटेपर्यंत अंधार पडायला आला. अंतरपाट धरला गेला. पलीकडे कोकिळा, अलीकडे आम्ही. भटजींचं दुसरं मंगलाष्टक चालू होतं आणि फाट्यावर वर्ध्याच्या शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला.

प्रभाकररावांनी कॅमेरा पिशवीत घातला. ते शांतपणे मांडवात शिरले, तानबाच्या मागे गेले, उपरणं बाजूला केलं आणि माझ्या तिन्ही नाड्या सोडल्या. मग समोर येऊन दोन्ही बाह्या धरून मला ओढलं. तानबाच्या हातात हार होता. तो हार खाली पडला, एवढाच काय तो आवाज झाला. आत सदरा नव्हता. मे महिन्यात कोटाखाली सदरा कोण घालतो? बनियन होतं, बगलेत फाटलेलं.

"गाडी लागली," प्रभाकरराव म्हणाले आणि निघाले.

आधी एक पोरगं हसलं, मग मांडव हसला. भटजींनी अक्षतांच्या ताटाआड तोंड लपवलं. मी पिशवीच्या तोंडातून पाहिलं. तानबा तसाच उभा होता. आता त्याला कोणाकडेही पाठ करता आली असती, पण तो वळला नाही.

पुढचं मला निंबाखाली गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून समजलं. रूपराव ओरडत होते, "हा तो पोट्टाच नोहे!" लग्न मोडलंच होतं. पण पंगतीची पानं मांडलेली होती, बुंदी पाडून झाली होती, आणि एवढी बुंदी घेऊन दुसरा नवरदेव कुठे शोधणार, असं आनंदाबाईंनी विचारलं. तेव्हा लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा कोकिळेने पहिल्यांदा नवरा पाहिला, तो बनियनमध्ये. रूपरावांनी तिथेच सांगितलं, "पोरगी देल्ली, सोयरीक नाई देल्ली. या मानसाच्या उंबऱ्यावर मी पाय नाई ठेवनार."

त्यानंतर तानबा स्टँडवर आला की कोणीतरी ओरडे, "गाडी लागली!" बाजार हसे. त्याने गाडीत बसणं सोडून दिलं. तो बाजाराला पायी जाई, आणि गाडी त्याच्या बाजूने गेली की खिडक्यांतून तेच शब्द येत. पहिली आरोळी बहुधा माझ्या गळपट्ट्यातून निघे, कारण प्रभाकरराव ड्रायव्हरमागेच बसलेले असत. हसताना त्यांचं पोट माझ्या पितळी बटणावर आपटे. एकदा तानबाच्या डोक्यावर सरकीचं पोतं होतं, तेव्हा तर त्यांनी गाडी हळू घ्यायला लावली होती.

चार वर्षं हे चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली आणि साहेबांना उभं राहावं लागलं. त्यांच्या मागे वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. फाट्यावर चढली होती. मी तिला ओळखलं नाही, अंतरपाटाआडून मी तिला पाहिलंच कुठे होतं? तिने काळं फडकं उचललं. पहिली नाडी सोडली. गाडी खड्ड्यात गेली, तेव्हा दुसरी. तिसरीला गाठ बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. प्रभाकररावांनी वरच्या दांडीवरचा हात काढून खाली आणला आणि मी सगळाच्या सगळा पुढे घरंगळलो. तिने मला ओढून टोपलीत घेतलं.

आत सदरा नव्हता. कोटाखाली सदऱ्याचा खर्च ते कधीच करत नसत. त्यांचं बनियन तानबाच्या बनियनपेक्षा जास्त फाटलेलं होतं.

"उतरा साहेब," कोकिळा म्हणाली. "गाडी लागली."

सगळी गाडी हसली. एक म्हातारी हसता हसता खाली बसली. फक्त कोकिळा हसली नाही, म्हणून मला तिची भीती वाटली. किसनराव कंडक्टर गर्दीतून पुढे आले. त्यांनी साहेबांना समोरून पाहिलं, मागून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "टिकट?"

मग त्यांनी घंटी मारली. भर उन्हात, जिथे निंबही नाही अशा ठिकाणी प्रभाकरराव उतरले. कॅमेऱ्याचं स्टँड त्यांच्या मागून खाली फेकण्यात आलं. एक पाय मोडला, स्टँडचा. पुढे त्यांनी गावोगाव फिरणं सोडलं, असं ऐकतो.

कोकिळेने मला घरी नेलं. तानबाने मला उलटून पाहिलं. "आनला काऊन?" एवढंच त्याने विचारलं.

"तुमाले घालाले नाई," ती म्हणाली. "वावरात उभा करजो. रस्त्याकडे तोंड करून. पाहू दे साऱ्या गाडीले."

अशा रीतीने मी बुजगावणं झालो. डोक्याला मडकं, आत दोन काड्या. पाखरं हुशार असतात. समोरून मला भितात आणि मागून येऊन ज्वारी खातात.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात एकदा फाट्यावर गाडी थांबली आणि खिडकीतून ओळखीचा आवाज आला. रूपराव होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, पण पितळी बटण उन्हात चमकलं ते त्यांना दिसलं.

"तो पाहा माहा जवाई!" ते शेजारच्याला सांगत होते. "वावरातही कोटावाचून पाय नाई टाकत."

"अन् त्याच्या बाजूले निंदून राह्यला तो?"

"असंन गडीमानूस."

तानबा बनियनवर होता. त्याने ऐकलं. त्याने मान वर केली नाही, निंदत राहिला. गाडी निघून गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडीचा आवाज आला तसा तानबाने विळा खाली ठेवला. तो माझ्या मागे आला, ओणवा झाला आणि मागून माझ्या बाह्यांत हात घातले. पाठ नाही त्याचा असाही उपयोग होतो. गाडी थांबली. तानबाने माझा उजवा हात वर उचलला आणि हलवला. खिडकीत रूपराव उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा रामराम घातला. सासऱ्याने जावयाला घातलेला तो पहिला रामराम. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तानबा माझा हात हलवत राहिला.

कोकिळा बांधावरून पाहत होती. तेव्हाही ती हसली नाही. तिने विळा उचलला आणि दुसऱ्या ओळीला लागली.

आता प्रत्येक बाजाराच्या दिवशी असंच होतं. रूपराव खाली कधी उतरत नाहीत.

मित्रांनो, माझ्या या जीवनातून तुम्ही पुष्कळ शिकू शकता. वस्तू जपून वापराव्यात, माणसं तर त्याहून जपून वापरावीत, कोणाची पाठ कापून आपल्या छत्रीला गवसणी करू नये, आणि कोणाला रामराम घालायचा असेल तर गाडीतून खाली उतरून जवळ जावं. हे सगळं तुमच्याकडून होईलच असं नाही, तशी माझी अपेक्षाही नाही. पण समुद्रपूरच्या गाडीने कधी या फाट्यावर आलात आणि खिशात एखादी सेफ्टी पिन असेल, तर तेवढी मागून लावून द्या. वारा फार येतो.