सगुणाबाईचा पहारा

या, असं पुढं सरून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. माले गावच्या मारुतीच्या देवळात एका भर दुपारी वीणा कुणाच्या गळ्यात गेली, ते सांगायचं आहे. लांबण लावणार नाही.

कोंडिबाने गोळी तोंडात टाकली, घोटभर पाण्याने खाली ढकलली आणि उरलेला तांब्या खांबाशी सारून ठेवला. मग आधीच्या पहारेकऱ्यापुढे मान वाकवून त्याने वीणा गळ्यात घेतली. तो माणूस जेवायला गेला. दोन वाजले होते. चैत्रातल्या सप्ताहाचा पाचवा दिवस. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, असा नेम. आणि दोन ते चारचा पहारा कोंडिबाच्या घराचा. आजा उभा राहिला, बाप उभा राहिला. यंदा मात्र कोंडिबाला उन्हाळी लागली होती.

लघवीला जाऊन यावं आणि लगेच पुन्हा जावंसं वाटावं. येणार थेंबभर, तोही निखाऱ्यासारखा. ओटीपोटात कळ, अंगात कसर. धन्याजिऱ्याचं पाणी झालं, पळसाच्या फुलांचा शेक झाला, तेव्हा कुठे तो पौडच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली. ती गढूळ झाली.

"लघवीच्या वाटेत जंतू शिरलेत," ते म्हणाले. "या सल्फाच्या गोळ्या. दर सहा तासांनी एक, वर तांब्याभर पाणी. पाणी कमी पडलं तर औषधाचे खडे धरतील. लघवी तुंबवायची नाही. आणि जळजळ थांबली म्हणून मध्येच सोडू नका, सगळ्या संपवा."

कोंडिबाने मान डोलावली होती. पण परतताना त्याने मनाशी ठरवलं, पाणीच प्यायलो नाही तर लघवी येईल कुठून? दोन तास निभतील.

निभले नाहीत. अर्ध्या तासातच तो या पायावरून त्या पायावर होऊ लागला. 'रामकृष्ण हरी' म्हणताना 'हरी' दातांतच राही. देवळात सामसूम होती, गडी घरोघर आडवे झालेले. गावातली सगळ्यांत म्हातारी गोजराबाई खांबाला टेकून पेंगत होती. आणि दाराशी, नेहमीच्या जागी, कोंडिबाची बायको सगुणाबाई.

नेहमीची जागा म्हणजे उंबऱ्यालगत. कीर्तन रंगात आलं की ही उठायची. दोनदा, कधी तीनदा. बायांच्या मांड्या ओलांडत बाहेर, तशीच परत आत. घरी गेल्यावर कोंडिबा म्हणायचा, "देव हितं, आन् तुजं चित्त परसात." बारा वर्षं म्हणत आला होता. ती ऐकून घ्यायची आणि चूल पेटवायची.

कोंडिबाच्या कानामागून घाम उतरला. चारच्या पहाऱ्याचा बहिरू वेळेवर आल्याचं तर गावात कुणालाच आठवत नव्हतं.

सगुणाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आना."

"काय?"

"वीना. आन् जावा."

"बाईमानसाच्या गळ्यात?"

"मग भुईला टेकवता? का हितंच धोतरात..." ती थांबली. "जावा म्हन्ते ना."

खांबापाशी गोजराबाईने एक डोळा उघडला. "दे रं कोंडिबा. मारुतराया डोळं मिटून बसलाय, आन् मी बी." आणि तिने तो डोळा पुन्हा मिटला.

परसाच्या आडोशाला दात आवळून उभं असताना त्याला आतून तिचा आवाज ऐकू येत होता. बारीक, पण अखंड. परत येऊन त्याने हात पुढे केले. तिने वीणा दिली नाही.

"आदी त्यो तांब्या प्या. समदा."

"मग परत जावं लागंल की."

"जावा. मी हाय. पानी तोडून आग थांबती व्हय? लई वाढती. मला पैल्याच साली कळलं."

तांब्या ओठांशी थांबला.

"तुला कवा झालं हुतं?"

ती तारेवरून बोट फिरवत राहिली. "जयाच्या टायमापासनं. येतंय, जातंय."

जया त्यांची लेक. चैत्रातच तिला बारावं सरलं होतं.

कोंडिबाने पाणी सावकाश, तळापर्यंत संपवलं. मग तो गेला आणि उंबऱ्यालगत तिच्या जागी बसला. तिथून परसाचा आडोसा नीट दिसत होता. दहा पावलं.

"सोमवारी पौडला जायाचं," तो म्हणाला. "तूबी."

"आदी तुमचं उरकू द्या," ती म्हणाली, आणि नाम पुढे सुरू झालं.

तो आणखी दोनदा उठला, दोनदा येऊन तिथेच बसला. सव्वाचारला बहिरू डोळे चोळत आला आणि दारातच थबकला. सगुणाबाईच्या गळ्यात वीणा, उंबऱ्याशी रिकामा तांब्या घेऊन कोंडिबा.

"ह्ये काय वो, कोंडिबा?"

"घे तिच्याकडनं," कोंडिबा म्हणाला. "सांबाळून. लई दमलीया ती."

तर मायबापहो, कीर्तनात मधूनच कुणी उठलं, तर मान वळवून बघू नका. गुडघा आवरा, वाट द्या. आणि तेवढ्या घडीला मालेच्या सगुणाबाईची आठवण ठेवा.